चेशायर होमची पाटी

निखिल बाळा,

खूप खूप आशीर्वाद. आधी व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहायला घेतलं होतं पण ते इतकं लांबत गेलं की अंगठा दुखायला लागला, म्हणून आता बाबांचा लॅपटॉप घेऊन बसलेय, ते हॉलमध्ये मॅच बघतायत तोवर जेवढं होईल तेवढं. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस, तीस वर्षं नर्सच्या नोकरीत नाईटचे रिपोर्ट खरडून माझं अक्षर आणि व्याकरण दोन्ही गेलं ते गेलंच.

रविवारी तुझ्या लिंकनजवळच्या वुडहॉल स्पाचा फोटो पाठवलास, ते धरणाच्या भिंतीसारखं स्मारक, मधोमध भगदाड पाडलेलं, आणि खाली विचारलंस की इथल्या हॉटेलात पायलट लोकांच्या आठवणी जपून ठेवल्यात त्यात एक चेशायर आहे, आपल्या अंधेरीला महाकालीच्या रस्त्यावर चेशायर होमची पाटी आहे त्याचा नि याचा काही संबंध आहे का. अरे संबंध कसला, तोच तो! तू दुसरी-तिसरीत असताना रिक्षा तिथून गेली की विचारायचास, आई इथे कोण राहतं, मी म्हणायचे ज्यांना चालता येत नाही ते लोक राहतात, मग तू म्हणायचास चेशायर कोण, आणि मी म्हणायचे असेल कोणीतरी साहेब, नीट बस. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. रिटायर झाल्यावर वाचलं, लायब्ररीतून आणलं, मोबाईलवर शोधलं आणि मग नादच लागला. बाबा म्हणतात हिला नवऱ्यापेक्षा त्या गोऱ्या पायलटची जास्त माहिती आहे. म्हणू देत.

पण फोटोच्या आधी, शुक्रवारी फोनवर तू जे बोललास ते डोक्यातून जात नाहीये. की आई मी इंजिनिअर, लोन काढून इथे एमएससीला आलोय आणि आठवड्याचे वीस तास म्हाताऱ्यांचे डायपर बदलतोय, काकाला सांगू नकोस, कोणालाच सांगू नकोस, आणि ते रूम नंबर सहावाले तर रात्रभर झोपू देत नाहीत. मी नुसतं हं हं केलं आणि ठेवला फोन. सांगितलं नाहीये कोणाला, सांगणारही नाही. तुला मात्र या चेशायरचं सांगते, कारण तू तो फोटो पाठवलास आणि हा माणूस नेमका तुझ्या लिंकनच्या आसपासच वावरलेला.

जन्म १९१७ चा, नाव लेनर्ड. वडील ऑक्सफर्डला कायदा शिकवायचे, आणि साधे मास्तर नाहीत हं, करारांच्या कायद्यावरचं त्यांचं पुस्तक आपल्याकडे लॉ करणारी मुलं आजही वाचतात, प्राजक्ताला विचार, तिच्या टेबलावर चेशायर नावाचा जाडजूड ठोकळा असायचा तो याच्या वडिलांचाच. मुलगाही ऑक्सफर्डला कायदाच शिकत होता पण शिकत होता म्हणजे आपलं नावाला. गाड्या, मौजमजा, उधारी. एकदा अर्धा पाइंट बिअरच्या पैजेवर खिशात चार नाणी टाकून पॅरिसपर्यंत जाऊन दाखवतो म्हणाला आणि गेला पण! १९३६ मध्ये जर्मनीत पॉट्सडॅमला एका कुटुंबात राहायला होता, तिथे हिटलरच्या सभेत सगळ्यांनी हात वर केले आणि हा पठ्ठ्या तसाच उभा. आता ते तत्त्व होतं का नुसता आगाऊपणा देव जाणे, वयाकडे बघता मला तर आगाऊपणाच वाटतो. युनिव्हर्सिटीच्या एअर स्क्वाड्रनमध्ये विमान चालवायला शिकला तेही हौस म्हणून.

मग लढाई सुरू झाली आणि जून १९४० मध्ये हा यॉर्कशायरला ड्रिफिल्डच्या तळावर १०२ स्क्वाड्रनमध्ये आला, व्हिटली नावाचं जुनाट, संथ, दोन इंजिनांचं बॉम्बर चालवायला. तिथे त्याला पहिला कॅप्टन मिळाला तो न्यूझीलंडचा एक उंच माणूस, सगळे त्याला लॉफ्टी म्हणायचे, लॉफ्टी लाँग. या लॉफ्टीने काय केलं तर चेशायरला जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात बसवलं, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि म्हणाला आता सांग पेट्रोलचा कॉक कुठे, अमुक स्विच कुठे, तमुक लिव्हर कुठे. तास न् तास. आणि नुसती पायलटची सीट नाही, मागच्या गनरच्या जागी जाऊन बस, वायरलेसवाल्याच्या जागी बस, बघ त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते. हे वाचलं आणि मला आमच्या ट्यूटर सिस्टर आठवल्या. त्या आम्हाला इमर्जन्सी ट्रे लावायला सांगायच्या आणि मग लाइट बंद करून एकेक वस्तू मागायच्या, एअरवे दे, टंग डिप्रेसर दे, दहाची सिरिंज दे, आणि हात चुकला की फूटपट्टीचा फटका. तेव्हा शिव्या घातल्या मनात. पुढे एका पावसाळ्यात वॉर्डात पाणी शिरलं, लाइट गेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, आणि त्या अंधारात माझा हात आपोआप बरोबर जागी गेला तेव्हा कळलं.

लॉफ्टी पुढच्याच वर्षी गेला, लढाईतच. पण पट्टी बांधून शिकवलेलं याला नोव्हेंबर १९४० मध्ये उपयोगी पडलं. कोलोनजवळ वेसेलिंगला तेलाची रिफायनरी होती, तिच्यावर जायचं होतं. तिथे खालून तोफेचा गोळा फुटला, विमानात ठेवलेली फ्लेअर, म्हणजे उजेडासाठी खाली टाकायची नळकांडी, आतल्या आत पेटली आणि एका बाजूचा पत्रा फाटून दहाएक फुटांचं खिंडार पडलं. म्हणजे बघ, विमानाच्या कुशीला आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीएवढं भोक, बाहेर काळोख, आत धूर, आणि वायरलेसवर डेव्हिडसन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, तोंड आणि हात भाजलेला, डोळ्यांना दिसत नाही. निखिल, मी बर्न्स वॉर्डात दीड वर्ष काढलंय, भाजलेल्या माणसाला नुसता वारा लागला तरी तो कसा कळवळतो मला माहितेय, आणि इथे तर नोव्हेंबरातला वारा त्या भोकातून सरळ आत. आणि तो पोरगा म्हणतो मला माझ्या सेटपाशी नेऊन बसवा, आणि आंधळ्यासारखा चाचपडत संदेश पाठवायला बघतो. चेशायरने ते विमान तसंच परत आणलं, एकूण साडेआठ तासांची ती फेरी. त्याला डीएसओ मिळालं, एवढ्या ज्युनिअर ऑफिसरला सहसा न मिळणारं पदक, वय तेवीस. डेव्हिडसनलाही मिळालं पदक. सगळे जण पायलटचंच नाव घेतात, मी मात्र त्या पोराचं लक्षात ठेवलंय.

मग पदकांवर पदकं, डीएफसी, मग डीएसओवर बार म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा, मग परत बार, त्यात तुला अडकवत नाही. एक मात्र सांगते. त्याचा धाकटा भाऊ क्रिस्टोफर, तोही बॉम्बर पायलट झाला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये बर्लिनच्या मोहिमेत पडला. जिवंत सापडला, जर्मनांच्या कैदेत गेला, लढाई संपेपर्यंत तिथेच. आता घरी ती आई बघ. एक पोरगा काटेरी कुंपणाच्या आत, दुसरा रोज रात्री त्याच जर्मनीवर घिरट्या घालतोय. वाचताना मला पायलटचं काही वाटेना, तिचंच वाटत राहिलं. तू तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात दोन दिवस फोन नाही केलास तर मी किती वेळा लास्ट सीन बघितलं ते बाबांना विचार, आणि तिला तर लास्ट सीनही नव्हतं.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्याला ७६ स्क्वाड्रनचा प्रमुख केलं, चार इंजिनांची हॅलिफॅक्स विमानं. जाऊन पहिलं काम काय केलं असेल? सगळ्यांची नावं पाठ केली. नुसत्या पायलट लोकांची नाही, खाली चिखलात उभं राहून इंजिनं दुरुस्त करणारे, बॉम्ब चढवणारे, पेट्रोल भरणारे, सगळ्यांची. आणि मग हॅलिफॅक्स इतकी का पडतायत म्हणून मागे लागला. ती विमानं जड होती, उंची गाठत नव्हती, शिवाय शेपटीच्या रडरमध्ये काहीतरी खोट होती, जोरात वळवलं की रडर अडकायचं आणि विमान गरगरत खाली. वर कळवलं, भांडला, आणि तोवर आपल्या हातात आहे ते केलं, पुढचा टरेट, म्हणजे बंदुका बसवलेला घुमट, काढ, वरचा टरेट काढ, एग्झॉस्टवरची झाकणं काढ, वजन कमी कर. बंदुका काढायच्या म्हणजे लोक घाबरतात ना, पण याने हिशोब केला होता की बंदुकीपेक्षा उंची जास्त वाचवेल.

१९४३ मध्ये प्रमोशन मिळालं, ग्रुप कॅप्टन, पंचविसाव्या वर्षी! अख्ख्या आरएएफमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलात, एवढा तरुण ग्रुप कॅप्टन दुसरा नव्हता. मार्स्टन मूर नावाच्या ट्रेनिंगच्या तळाचा साहेब, खुर्ची, फायली, सह्या. तिथे काही त्याचा जीव रमेना. म्हणून काय केलं तर एक पायरी खाली उतरायला तयार झाला, परत विंग कमांडर, आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये ६१७ स्क्वाड्रनचा ताबा घेतला. हीच ती धरणं फोडणारी स्क्वाड्रन जिचं स्मारक तू बघून आलास. धरणं त्याने नाही फोडली हं, ती मे १९४३ मध्ये गाय गिब्सनने फोडली, हा नंतर आला. तू मेसेजमध्ये लिहिलंस की धरणवाला चेशायर, ते चूक आहे.

आता लिमोज. हा प्रसंग मी चार-पाच वेळा वाचलाय. फ्रान्समध्ये लिमोज नावाच्या गावात विमानांची इंजिनं बनवायचा कारखाना होता, जर्मनांसाठी काम करत होता, आणि तो उडवायचा होता. अडचण अशी की रात्रपाळीला तिथे फ्रेंच बायका कामाला होत्या, तीनशेच्या घरात, आणि आजूबाजूला कामगारांची घरं. तोपर्यंत बॉम्बर म्हणजे पंधरा-अठरा हजार फुटांवरून अंधारात टाकायचं, पडलं तर पडलं नाहीतर शेजारच्या गल्लीत. निशाण लावणारी विमानं असायची पुढे, पण तीही उंचावरूनच. चेशायर आणि त्याचा एक फ्लाइट कमांडर मिक मार्टिन, या दोघांनी डोकं चालवलं की निशाण लावणाऱ्याने खाली जायचं, अगदी खाली, डोळ्यांनी दिसेल इतकं. ८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री बारा लँकेस्टर बॉम्बर विमानं निघाली. बाकीची वर थांबली आणि हा ते एवढं धूड, शंभर फूट पंखांचं, घेऊन कारखान्याच्या छपरावरून गेला. बॉम्ब टाकला नाही. वळला, परत छपरावरून. परत नाही टाकला. तिसऱ्यांदा गेला. खालच्या बायकांना कळावं म्हणून, की बायांनो पळा. आणि त्या पळाल्या. चौथ्या फेरीला पन्नास ते शंभर फुटांवरून निशाणाचे आगीचे बॉम्ब मधोमध टाकले आणि मग वरच्यांनी त्या उजेडावर नेम धरला. कारखाना गेला, भोवतालची वस्ती राहिली.

चार इंजिनांची लँकेस्टर छपराला घासून जाते तेव्हा खाली काय आवाज होत असेल. मशीनपाशी उभी असलेली एखादी बाई, डब्यात काहीतरी घरून आणलेलं, मुलं सासूकडे ठेवून आलेली. पहिल्या फेरीला वाटलं असेल संपलं सगळं. मग दुसऱ्यांदा आवाज आला आणि काहीच पडलं नाही तेव्हा कधीतरी तिच्या डोक्यात उजेड पडला असणार की हा आपल्याला सांगतोय. आणि वर त्या माणसाने प्रत्येक फेरीला स्वतःचं मरण जवळ आणलं होतं, कारण तिसऱ्यांदा येईपर्यंत तोफवाले काय झोपून राहतात होय.

त्यानंतर हेच तंत्र त्याने वाढवलं. लँकेस्टर जड पडतं म्हणून मॉस्किटो मागून घेतली, छोटी, लाकडी, चपळ. एप्रिल १९४४ मध्ये म्युनिक, तिथे तोफांचा कहर, तरी सातशे फुटांवरून निशाण लावलं, वर चढताना सर्चलाइटने डोळे दिपून विमान हातातून जायला आलं, तरी शहरावर हजार फुटांवर फिरत राहिला की बाकीचे नीट टाकतायत ना, आणि परत निघाल्यावरही बारा मिनिटं तोफांचा मारा चालूच होता. मग जूनमध्ये अमेरिकनांकडून एक मस्टँग मिळवली, एका सीटचं फायटर, ते त्याने आयुष्यात कधी चालवलं नव्हतं, आणि पहिल्यांदा चालवलं ते सरळ मोहिमेवर जातानाच! फ्रान्समधल्या सिराकोर्टला. लँडिंग पण पहिलंच आणि तेही अंधारात. याला शौर्य म्हणायचं की डोकं फिरलेलं म्हणायचं तूच ठरव, माझ्या वॉर्डात नवी मशीन आली आणि कोणी ट्रेनिंग न घेता पेशंटला लावली असती तर मी मेमो दिला असता.

पण मला त्याहून जास्त आवडतं ते फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या त्याच्या आदल्या रात्रीचं, ५ जूनच्या. ज्यात बॉम्बच नव्हता. या स्क्वाड्रनने काय केलं तर समुद्रावर ठराविक अंतर पुढे, मग वळून मागे, मग परत थोडं पुढे, अशा लांबट फेऱ्या मारत चांदीच्या कागदाच्या पट्ट्या टाकत राहिले, घड्याळ बघून, सेकंदाचाही फरक पडू न देता, म्हणजे जर्मन रडारवर असं दिसावं की जहाजांचा एक प्रचंड ताफा हळूहळू भलतीकडेच, ल हाव्र बंदराजवळच्या काप द'अँतिफेरच्या बाजूला सरकतोय. तासन् तास. नुसतं मोजायचं आणि टाकायचं. आपण सलाइनचे थेंब मोजतो तसं.

६ जुलै १९४४ ला फ्रान्समधल्या मिमोयेकच्या मोहिमेवर गेला, ती त्याची शंभरावी. डोंगराच्या पोटात बोगदे खणून जर्मनांनी लंडनवर मारा करणाऱ्या लांब पल्ल्याच्या तोफा बसवायला घेतल्या होत्या, त्यावर टॉलबॉय टाकले, बारा हजार पौंडांचा एकेक बॉम्ब. कामगिरी फत्ते झाली पण तेव्हा वरच्यांना ते नीट कळलं नाही, आणि तेच ठिकाण उडवायच्या अमेरिकन प्रयत्नात महिन्याभराने जो केनेडी गेला, पुढे प्रेसिडेंट झालेल्या केनेडींचा थोरला भाऊ. काय म्हणायचं याला. असो. परत आल्यावर चेशायरला सांगितलं बस आता, पुष्कळ झालं.

शंभर म्हणजे किती ते कळायला एक हिशोब सांगते. तिकडे तीस मोहिमांची एक टूर असायची आणि ती पुरी करणंच मुश्किल. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे आरएएफच्या बॉम्बरवाल्या विभागात, सव्वा लाख पोरं उडाली त्यातली ५५,५७३ मेली. म्हणजे आमच्या चाळीस खाटांच्या वॉर्डात अठरा खाटा रिकाम्या, आणि कुठल्या ते सकाळी ड्युटीवर आल्यावर कळणार. तुझ्या लिंकनमध्येच टेकडीवर त्यांच्या नावांच्या भिंती आहेत आणि मधे तो उंच लोखंडी सुळका, लँकेस्टरच्या पंखांच्या लांबीइतका उंच केलाय मुद्दाम. सुट्टीला जाऊन ये.

सप्टेंबर १९४४ मध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, जाहीर झाला. हे पदक बहुतेकांना एका कुठल्या तरी अचाट प्रसंगासाठी मिळतं, याला मिळालं चार वर्षं सलग केलेल्या कामासाठी. रोज ड्युटीवर हजर राहण्यासाठी, असं मी म्हणते. पुढे राजवाड्यात पदक घ्यायला गेला तेव्हा सोबत नॉर्मन जॅक्सन नावाचा एक सार्जंट होता, जो आग विझवायला हवेत वीस हजार फुटांवर चालू विमानाच्या पंखावर बाहेर गेला होता, खरंच सांगते, पंखावर. चेशायर राजाला म्हणाला की आधी याला द्या, याने माझ्यापेक्षा जास्त जीव धोक्यात घातला. राजाने ऐकलं नाही, हुद्द्याप्रमाणेच दिलं.

आता तुझा तो दुसरा प्रश्न, की ज्यांनी शहरं जाळली त्यांची स्मारकं का. खरं आहे तुझं. जुलै १९४३ मध्ये एकट्या हॅम्बुर्गमध्ये आठवड्याभरात पस्तीस हजारांच्या वर माणसं गेली, त्यात बायका किती, पोरं किती. त्या वेळी चेशायर तिथे नव्हता, पण जर्मन शहरांवर त्यानेही बॉम्ब टाकलेच की, लिमोजसारख्या तीन फेऱ्या काही तिथे मारल्या नव्हत्या. त्याने कधी माफी मागितली नाही. हिटलरला थांबवायला ते करावं लागलं असंच शेवटपर्यंत म्हणत राहिला, अणुबॉम्बबद्दलही तेच, की त्याने लढाई थांबली. मला हे पटत नाही. भाजलेलं एक मूल ज्याने धुतलंय त्याला हे पटणार नाही. पण ज्यांच्या डोक्यावर रोज बॉम्ब पडत होते त्यांना मी इथे अंधेरीत पंख्याखाली बसून काय सांगू, म्हणून गप्प बसते.

आणि अणुबॉम्ब त्याने पाहिला होता, डोळ्यांनी. ९ ऑगस्ट १९४५, नागासाकी. ब्रिटिश सरकारचा निरीक्षक म्हणून त्याला अमेरिकनांच्या तिसऱ्या विमानात बसवलं होतं. त्या विमानाची बाकीच्यांशी चुकामूक झाली, ते भलत्याच उंचीवर, ३९,००० फुटांवर घिरट्या घालत बसलं आणि बॉम्ब पडला तेव्हा हे लोक पन्नासेक मैल लांब. ज्या माणसाने पन्नास फुटांवर जाऊन छपरं मोजली त्याला हे इतक्या लांबून दिसलं. एक ढग. खाली कोण होतं काहीच नाही.

त्यानंतर तो आरएएफमधून बाहेर पडला आणि दोन-तीन वर्षं नुसता भरकटला. युद्धातून परतलेल्या लोकांनी एकत्र राहावं, शेती करावी अशी वसाहत काढली, ती बुडाली, कर्ज झालं. अमेरिकन नटीशी लग्न केलं होतं, वयाने वीसेक वर्षांनी मोठी, तेही मोडलं. हॅम्पशायरमध्ये ले कोर्ट नावाचं एक भलं मोठं रिकामं घर गळ्यात पडलं होतं, तेवढं राहिलं.

१९४८ मध्ये हॉस्पिटलमधून कळलं की आर्थर डाइक्स नावाचा जुना एअरफोर्समधला माणूस, जो याच्या वसाहतीत डुकरं सांभाळायचा, त्याला कॅन्सर आहे, हॉस्पिटलला आता काही करता येणार नाही आणि त्याला न्यायला कोणी नाही. हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय रे. सिस्टर, रिलेटिव्ह येत नाहीत, बेड खाली करायचाय, काय करू. आम्ही फोन लावायचो, नंबर बंद. चेशायरने त्याला आधी खरं सांगितलं की तू मरणार आहेस, जे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि मग सगळीकडे जागा शोधली, कोणी घेईना, तेव्हा घरी आणला. घरात नर्स नाही, नोकर नाही, पैसा नाही. व्हिक्टोरिया क्रॉसवाला ग्रुप कॅप्टन आणि मरायला टेकलेला एक माणूस, एवढेच दोघे त्या भल्याथोरल्या घरात.

आणि मग तो शिकला. बेडपॅन कसं द्यायचं, अंथरुणात माणूस असताना चादर कशी बदलायची, कूस कशी वळवायची, तोंड कसं पुसायचं. हे सोपं नाही हे तुला आता कळलं असेल. पहिल्यांदा बेडपॅन देताना माणूस लाजतो आणि देणाराही लाजतो, दोघंही भलतीकडेच बघतात, आणि मग सांडतं. माझ्या पहिल्या पेशंटच्या वेळी सांडलं होतं, पूर्ण साडीवर, आम्हाला तेव्हा साडी होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर ते आजोबाच मला म्हणाले, पोरी पहिलाच दिवस का.

डाइक्स ऑगस्टमध्ये गेला. चेशायरने त्याची शेवटची तयारी आपल्या हाताने केली. तोवर एक नव्वदीची म्हातारी आणून ठेवली होतीच कोणीतरी, मग आणखी एक, मग आणखी, १९४९ च्या उन्हाळ्यापर्यंत चोवीस जण झाले. असं काही ठरवून काढलेलं नव्हतं ते. पुढे त्याला स्वतःलाच टीबी झाला, दोन वर्षांच्या वर सॅनिटोरियममध्ये, बरगड्या काढल्या, फुप्फुसाचा तुकडा काढला, आणि पलंगावर पडल्या पडल्या पत्रं लिहून आणखी होम काढली. तिथून उठला आणि भारतात आला. अंधेरीचं ते होम १९५० च्या दशकातलं, भारतातल्या अगदी जुन्यांपैकी. आणि गंमत सांगू, त्याचं दुसरं लग्न पण आपल्या मुंबईत लागलं, ५ एप्रिल १९५९ ला, कॅथलिक कॅथेड्रलमध्ये. बायको सू रायडर, ती लढाईत पोलंडच्या हेरांबरोबर काम केलेली, लढाईनंतर छावण्यांतून सुटलेल्या लोकांसाठी घरं काढलेली. दोघांनी मिळून त्याच साली देहरादूनला राफाएल नावाचं केंद्र काढलं, ते अजून आहे. नवरा-बायको जोडीने हेच. लग्नाची बातमी मी बाबांना वाचून दाखवली तर म्हणाले, हनिमूनला पण पेशंटच बघत बसले असतील.

गेला १९९२ मध्ये, ३१ जुलैला. मोटर न्यूरॉन डिसीज झाला होता, म्हणजे एकेक स्नायू बंद पडत जातो आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. व्हीलचेअरवर होता. दुसऱ्याच्या हाताने खायचं, दुसऱ्याच्या हाताने कूस बदलायची. ते कसं करून घ्यायचं असतं हे त्याला तरी नक्की माहीत असणार.

मॅच संपत आलीये वाटतं, बाबांचा आवाज वाढलाय. तुला कामाचं सांगून ठेवते. ड्रॉशीट, म्हणजे पेशंटच्या खालची आडवी चादर, ताणून घालायची, खाली एक सुरकुतीही राहता कामा नये, सुरकुतीवरूनच पाठ सोलवटायला सुरुवात होते. दर दोन तासांनी कूस. टाचेखाली हात घालून बघायचं, लाल दिसलं आणि दाबल्यावर पांढरं झालं नाही तर लगेच इनचार्जला सांगायचं, लाजायचं नाही. उचलताना कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक, माझी कंबर बघतोस ना. रात्री न झोपणाऱ्या माणसाला दर वेळी औषध नको असतं, कधी लघवी लागलेली असते आणि सांगायची लाज वाटते, कधी पाय गार पडलेले असतात. आधी मोजे घालून बघ.

आणि हो, ते रूम नंबर सहावाले. मीही असंच म्हणायचे, चौदा नंबर, बावीस नंबर, चाळीस खाटांना दुसरं सुचत नाही. त्यांचं नाव काय ते विचार आणि मला कळव.

तुझी,
आई